तयार किल्ल्याचे अर्थशास्त्र

(पणदरे येथे शिक्षक, पालक व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्याने उभे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात घालवले त्याने पणदऱ्यासारख्या उसाच्या गावात येऊन साखरेच्या दराविषयी किंवा नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज दिवाळीत मुले अंगणात जो किल्ला करतात त्याविषयी बोलणार आहे. विषय पोरकट वाटेल. परंतु एखाद्या समाजातील उत्पादनव्यवस्था कशी बदलते हे पोलादाच्या कारखान्यात जितके दिसते तितकेच ते मुलांच्या खेळण्यातही दिसते; आणि खेळणे लहान असल्यामुळे त्यातील व्यवहार आपल्याला सबंध एका नजरेत न्याहाळता येतो. म्हणून हा विषय निवडला.

वस्तुस्थिती प्रथम मांडतो. गेल्या काही वर्षांत दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या, बारामतीच्या आणि आता लहानसहान आठवडेबाजारांतही तयार किल्ले विकावयास येऊ लागले आहेत. कोणी प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे, कोणी फायबरचे, कोणी थर्माकोलचे. बुरूज, दरवाजा, पायऱ्या, वर सिंहासनासाठी चौथरा, सगळे एकसंध. घरी न्यावा, मांडावा, मावळे ठेवावेत, काम संपले. ज्यांना सबंध किल्ला नको त्यांच्यासाठी सुटे बुरूज, सुटी देवळे, सुटी घरेही आहेत. किंमत काही शे रुपयांपासून आकारमानाप्रमाणे वर चढत जाते.

या बदलाबद्दल तक्रार करणारे लोक मला भेटतात, आणि त्या तक्रारी मी गंभीरपणे ऐकतो. आपल्याकडे अशी कितीतरी घरे आहेत जिथे मातीचे मावळे पत्र्याच्या डब्यात कापसात गुंडाळून वर्षानुवर्षे ठेवलेले असतात. त्यांत सिंहासनावरील महाराज असतात, भालाईत असतात, तोफ डागणारा गोलंदाज असतो, आणि त्यांच्याच बरोबर बैलगाडीवाला, दळण दळणारी बाई, गवळण, रहाटाची विहीर, असा सगळा गाव असतो. दर दिवाळीला त्यांत दोन-चार नगांची भर पडते. संग्राहक हा शब्द या माणसांनी स्वतःसाठी कधी वापरला नसेल, पण ते संग्राहकच आहेत. त्यांची तक्रार अशी की, नवा माल जुन्याशी जुळत नाही. नवा मावळा जुन्यापेक्षा बोटभर उंच किंवा बोटभर ठेंगणा निघतो. नव्या दरवाजातून जुना घोडेस्वार आत जात नाही. प्लॅस्टरचा भाला पहिल्याच वर्षी तुटतो. आणि हव्या त्या आकृत्या मागितल्या तर दुकानदार सांगतो की, वरूनच येत नाहीत. या 'वरूनच येत नाहीत' या वाक्यात माझ्या आजच्या विषयाचे सार आहे. 'वर' म्हणजे कोठे, आणि तेथे निर्णय कोण घेते, हे आपण पाहू.

ही तक्रार आपल्याच मुलखातील आहे असे मानण्याचे कारण नाही. खेळण्यातील सैनिक आणि त्यांच्यासाठी केलेल्या इमारती यांचा युरोप-अमेरिकेतील इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि तो म्हणजे उत्पादनतंत्रातील बदलांचा एक धडाच आहे. एकोणिसाव्या शतकात या धंद्यावर जर्मन कारागिरांचे वर्चस्व होते. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी शिशाचा सैनिक आतून पोकळ ओतण्याची युक्ती काढली. शिसे कमी लागले, वजन घटले, किंमत उतरली आणि जर्मन मालाची मक्तेदारी इंग्रजी बाजारपेठेत मोडून पडली. पुढे शिसे मुलांच्या आरोग्यास घातक आहे हे मान्य झाले, प्लॅस्टिक स्वस्त झाले, आणि १९६६ च्या सुमारास त्या कारखान्यातील शिशाच्या सैनिकांचे उत्पादन थांबले. त्यानंतर काही दशकांनी अशा मालाचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर चीनकडे गेले. प्रत्येक टप्प्यावर जुने संग्राहक कुरकुरले. तथापि शिसे गेले ते योग्यच झाले, हेही त्याच वेळी नमूद केले पाहिजे. जुने ते सारे सोने ही भूमिका माझी नव्हे.

याच सैनिकांशी इंग्लंडमधील समाजवादी विचाराचा एक लेखकही खेळत असे. एच. जी. वेल्स हे काही वर्षे फेबियन सोसायटीचे सभासद होते. १९१३ साली त्यांनी 'लिट्ल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातील युद्धाचे नियम बांधून दिले. त्या खेळातील सैनिक दुकानातून आणलेले असत, परंतु रणभूमीवरील घरे, भिंती आणि टेकड्या खेळणाऱ्याने ठोकळे, पुठ्ठा आणि फळ्या यांतून स्वतः उभ्या करावयाच्या असत. पुस्तकाच्या शेवटी वेल्स सुचवतात की, खरे युद्ध करण्यापेक्षा हे लुटूपुटूचे युद्ध कितीतरी बरे. दुसऱ्याच वर्षी खरे महायुद्ध सुरू झाले, हा भाग वेगळा.

अमेरिकेत याच क्षेत्रात एक मोठे नाव होऊन गेले, ते मार्क्स! आपण दचकू नये. हे कार्ल मार्क्स नव्हेत. लुई मार्क्स हे न्यूयॉर्कचे खेळण्यांचे कारखानदार, आणि १९५० च्या दशकात त्यांची कंपनी जगातील सर्वांत मोठ्या खेळणी-उत्पादकांत गणली जाई. एका खोक्यात प्लॅस्टिकचे सैनिक आणि छापील पत्र्याची घडीची इमारत, अशी त्यांच्या मालाची रचना होती. १९७२ साली लुई मार्क्स यांनी कंपनी विकली, आणि १९८० साली ती दिवाळखोरीत गेली. पुढे तिचे साचे इतरांच्या हाती गेले आणि त्याच साच्यांतून पुन्हा सैनिक काढले गेले. आता जुना कोणता आणि नंतरचा कोणता यावर संग्राहकांत वाद चालतात. आपल्या दृष्टीने यातील बोध निराळा आहे. कंपनी गेली, कामगार गेले, मालक गेला, तरी साचा उरला. आणि ज्याच्या हाती साचा त्याच्या हाती पुढील उत्पादन. उत्पादनसाधनांच्या मालकीचा प्रश्न समजावून सांगण्यास दुसऱ्या मार्क्सपेक्षा या मार्क्सचे उदाहरण कधी कधी अधिक सोपे पडते.

मापाचाही प्रश्न तिकडे आहेच. जुन्या सैनिकांचे रूढ माप ५४ मिलिमीटर. अलीकडच्या अनेक उत्पादकांनी साधारण ६० मिलिमीटरचे माप स्वीकारले. फरक सहा मिलिमीटरचा. पण त्या सहा मिलिमीटरांनी घरातील सगळ्या जुन्या इमारती ठेंगण्या ठरतात. संग्राहकाला सैनिक बदलणे एक वेळ परवडते, इमारती बदलणे परवडत नाही. शिवाय इमारत ही आतून पोकळ आणि बाहेरून मोठी. तिचा वाहतूकखर्च वजनापेक्षा जागेवर ठरतो. दूरच्या देशात उत्पादन करून जहाजाने आणावयाचे तर लहान सैनिक परवडतात, मोठे वाडे परवडत नाहीत. म्हणून उत्पादक इमारती कमी करतो, लहान करतो, नुसती दर्शनी भिंत तेवढी देतो. ग्राहकाची आवड बदलली म्हणून हे घडत नाही. खर्चाचे गणित बदलले म्हणून घडते, आणि मग ग्राहकाची आवडच तशी आहे असे सांगितले जाते.

आता आपल्या अंगणात परत येऊ. युरोपातील आणि आपल्या परंपरेत एक मूलभूत फरक आहे, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून तयार किल्ल्याचे स्वरूप कळणार नाही. तेथे खेळण्यातील किल्ला पूर्वीपासून दुकानात मिळे. जर्मनीत लाकडी किल्ले करणारे कारखानेच होते. आपल्याकडे विकत घ्यावयाचे ते मावळे. किल्ला विकत मिळत नसे. तो दरवर्षी नव्याने बांधावयाचा आणि दिवाळी सरली की मोडावयाचा. मावळा भट्टीत भाजलेला, म्हणून टिकाऊ आणि जपण्याजोगा. किल्ला कच्च्या मातीचा, म्हणून पुन्हा मातीत जाणारा. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर मावळा ही विक्रेय वस्तू होती, तिला बाजारात मूल्य होते. किल्ल्याला उपयोगमूल्य होते, विनिमयमूल्य नव्हते. दगड, विटांचे तुकडे, गोणपाट, चिखल, वरून पेरलेले हळीव किंवा मोहरी, यांपैकी कशाचीही पावती नसे. खर्च होई तो चार दिवसांच्या श्रमाचा, आणि ते श्रम मुलांना श्रम वाटत नसत. आज जे बदलले ते एवढेच की, या खेळातील बाजाराबाहेर उरलेला अखेरचा भागही बाजारात आला.

त्याने बिघडले काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर भावनेने न देता नेमके देण्याचा प्रयत्न करतो.

पहिली हानी ज्ञानाची. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातील आणि एक तमिळनाडूतील जिंजी. यातील 'भूप्रदेश' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या किल्ल्यांचे सामर्थ्य तटबंदीइतकेच डोंगरात, कड्यात, समुद्रात आणि रानात होते, हे त्यात मान्य केले आहे. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आणि मध्ये बालेकिल्ला, ही रचना डोंगराच्या तीन सोंडांमुळे झाली. रायगडाचा महादरवाजा समोरून दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो लपवलेला आहे, ज्यास आपण गोमुखी बांधणी म्हणतो, आणि त्यामुळे शत्रूला त्यावर समोरून तोफ लावता येत नाही. ज्या मुलाने चिखलात दोन बुरूज वळवून मध्ये दरवाजा बसवला त्याला ही युक्ती हाताने समजते. बाजारातील तयार किल्ल्याचा दरवाजा बहुधा दर्शनी बाजूस सताड उघडा असतो, कारण तो खरेदीदाराला दिसला पाहिजे! हा किल्ला राजगड नसतो, प्रतापगड नसतो, तोरणा नसतो. त्याला नाव नसते. कोल्हापूर, सांगली, पुणे येथील तरुण मंडळे अजूनही नकाशे समोर ठेवून एकेका नावाच्या किल्ल्याची प्रतिकृती उभी करतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु मंडळाच्या चौकात जे उरले ते घरच्या अंगणातून गेले, तर लहान मुले पुन्हा प्रेक्षकच होणार.

दुसरी हानी इतिहासाच्या समजुतीची. किल्ला म्हणजे केवळ सिंहासन नव्हे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत, एकाच्या हाती सारा गड जाऊ नये ही त्यामागील योजना. कारखानिसाकडे धान्य आणि दारूगोळा यांच्या कोठारांचा हिशेब. ते धान्य खालच्या गावांतून येई. गडाच्या घेऱ्यात रामोशी, महार, मांग, बेरड, कोळी पहाऱ्यास असत. म्हणजे वरचा दरबार खालच्या श्रमावर उभा होता, आणि जुन्या मातीच्या चित्रांत हे आपोआप मांडले जाई. किल्ल्याच्या पायथ्याशी शेत असे, मोट असे, बैलगाडी असे, दळणारी बाई असे. अलीकडचे तयार संच मी पाहिले त्यांत महाराज, मावळे, तोफा आणि भगवा झेंडा होते. शेतकरी आणि कुंभार नव्हते. हे कोणी कट करून केले असे मी म्हणत नाही. जे अधिक खपते त्याचाच साचा करावयाचा, हा साधा व्यापारी हिशेब आहे. पण त्या हिशेबातून मुलांच्या मनात असे राज्य तयार होते की जिथे राजा आहे, सैन्य आहे आणि रयत नाही. ज्या राजाने रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागू नये अशी काळजी वाहिली असे आपण अभिमानाने सांगतो, त्याच्याच किल्ल्यातून भाजी पिकवणारा वजा व्हावा, याइतकी विसंगती नाही.

तिसरी हानी कुंभाराची. तिचा विचार जरा तपशिलात करावा लागेल.

कुंभाराचे वर्ष सणांवर चालते. बेंदराला मातीचे बैल, भाद्रपदात गणपती, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या, बोळकी आणि मावळे, संक्रांतीला सुगडी. यांपैकी बरेचसे काम पावसाळ्यात किंवा पावसाळ्याच्या शेपटाला करावे लागते, म्हणजे माती लवकर वाळत नाही अशा दिवसांत. माती आणावयाची, मळावयाची, दोन भागांच्या साच्यात दाबून चित्र काढावयाचे, सांधा पुसावयाचा, वाळवावयाचे, भट्टी लावावयाची, मग रंग. यात मजुरीपेक्षा प्रतीक्षेचा खर्च मोठा. आज घातलेला पैसा महिना-दीड महिन्याने परत येतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजून पाणी काढलेले जिप्सम. त्यात पाणी घातले की ते काही मिनिटांत घट्ट होते. रबरी साचा स्वस्त, भट्टी नको, उन्हाची वाट पाहणे नको. तोच साचा दिवसातून अनेकदा फिरतो. म्हणजे प्लॅस्टरने मातीला हरवले ते सौंदर्यात नव्हे, भांडवलाच्या फिरण्याच्या वेगात.

प्लॅस्टिकचे गणित त्याच्याही पुढचे. पोलादी साचा तयार करण्याचा प्रारंभीचा खर्च लाखांच्या घरात जातो, परंतु त्यानंतर एकेका नगाचा खर्च अगदी क्षुल्लक. असा साचा परवडावयाचा तर नग हजारोंनी काढले पाहिजेत. हजारोंनी काढावयाचे तर ते पुण्यापासून नागपूरपर्यंत सारखेच असले पाहिजेत. दुकानदाराचे 'वर' ते हेच. तेथे पणदऱ्याच्या मुलाला बैलगाडीवाला हवा आहे ही मागणी पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी तिची दखल घेणे परवडत नाही. स्थिर खर्च जितका मोठा तितका ग्राहकाचा शब्द लहान, असा हा नियम आहे. कुंभाराला मात्र आपण म्हणू शकत होतो, अण्णा, यंदा दोन धनगर आणि चार मेंढ्या करा. आणि तो करीत असे.

प्लॅस्टर स्वस्त आहे असे म्हटले जाते. त्याच्या किमतीत काय धरलेले नाही तेही पाहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाविषयी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढून प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. पुढे त्यावर मुदतवाढी आणि न्यायालयीन वाद झाले, ते सर्वश्रुत आहेत. पण ती सारी चर्चा पाण्यात सोडावयाच्या मूर्तींची. किल्ला पाण्यात सोडीत नाहीत. तो मोडला की उकिरड्यावर, ओढ्यात किंवा कालव्याच्या कडेला जातो. त्याची विल्हेवाट कोणी लावावयाची आणि तिचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न त्याच्या किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. तो खर्च ग्रामपंचायत सोसते, म्हणजे आपण सर्वजण सोसतो. मातीच्या किल्ल्याची विल्हेवाट पहिला वळीव लावतो.

सरकारने खेळण्यांच्या धंद्यासाठी काही केले नाही असे नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये आयात खेळण्यांवरील जकात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेली. जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोची खूण बंधनकारक झाली. मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना या बंधनातून सूट आहे, हेही योग्य आहे. मात्र त्यातील मेख 'नोंदणी झालेल्या' या शब्दांत आहे. ज्याच्याकडे हिशेबनीस आहे तो कारखानदार नोंदणी करून मोकळा होतो. ज्याची सारी कचेरी चाकाभोवतीच्या हातभर जागेत आहे त्या कुंभाराला ही सूट आहे हेच पुष्कळदा ठाऊक नसते. जकातीची भिंत देशी कारखान्याच्या संरक्षणासाठी बांधली गेली. त्या भिंतीच्या आत कारखाना आणि कुंभार यांच्यामध्ये संरक्षणाची कोणतीही भिंत नाही.

आपण उसाचे लोक आहात, म्हणून तुलना करतो. उसाला रास्त व किफायतशीर दर कायद्याने ठरतो, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत तो चुकता करणे कारखान्यावर बंधनकारक आहे. ते पैसे नेहमी वेळेवर मिळतात असे मी म्हणणार नाही; पण मागण्याचा हक्क तरी आहे. कुंभाराला दराची हमी नाही, मुदतीची हमी नाही, आगाऊ उचल नाही. दिवाळी संपल्यावर उरलेला माल पुढल्या वर्षापर्यंत त्याच्याच पडवीत. बाजाराची सारी जोखीम ज्याची ऐपत सर्वांत कमी त्याच्या डोक्यावर, अशी ही रचना आहे.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. बारामतीत, पुण्यात इमारतींच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांना अंगण नाही, माती नाही, चिखल जिन्यातून नेला तर शेजारी ओरडतात. आईबाप दोघेही नोकरीला. अशा घरातील मुलाला तयार किल्ल्याने थोडा तरी आनंद मिळत असेल तर तो हिरावून घेण्याचा अधिकार कोणास आहे? हा आक्षेप मला मान्य आहे. ज्याने तयार किल्ला घेतला त्या पालकाला दोष देण्यात अर्थ नाही. जागा आणि सवड या दोन्ही गोष्टी ज्याच्यापासून काढून घेतल्या गेल्या आहेत तो त्यांच्याऐवजी वस्तू विकत घेतो, हे या व्यवस्थेचे नेहमीचेच लक्षण आहे. परंतु पणदऱ्याला हा आक्षेप लागू पडत नाही. येथे जागा आहे आणि माती तर कालव्याने दिलेली आहे. येथेही तयार किल्ला येत असेल तर तो गरजेपोटी येत नाही, प्रतिष्ठेपोटी येतो. ज्याच्या दारात विकतचा किल्ला तो मोठा, आणि चिखलात हात घालणारा मागासलेला, अशी एक नवी प्रतवारी मुलांत रुजते आहे.

आणि ही प्रतवारी सर्वांत अधिक कोणाला जाचते? दसरा झाला की बीड, अहिल्यानगर आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या साखर पट्ट्यात उतरू लागतात. पुष्कळांची दिवाळी येथेच, पाचटाच्या कोप्यांत होते. त्यांची मुले आपल्या गावात असतात, पण आपल्या दिवाळीत नसतात. मातीचा किल्ला ही अशी एक जागा होती की जेथे कोपीतले पोर येऊन उभे राहिले, त्याने दोन दगड आणून दिले, चिखल तुडवला, की त्याचा त्या किल्ल्यात वाटा झाला. त्याला वर्गणी विचारण्याचे कारण नव्हते, कारण खर्चच नव्हता. तयार किल्ल्यात त्याचा वाटा कोठून येणार? ज्याने पैसे दिले त्याचा तो किल्ला, बाकीच्यांनी लांबून पाहावयाचा. श्रमाने मिळणारा प्रवेश बंद होतो आणि पैशाने मिळणारा तेवढा उरतो. मित्रहो, ज्याला आपण मोठ्या ग्रंथांत विषमता म्हणतो तिचा पहिला धडा दहा वर्षांचे मूल असा दारात उभे राहून शिकते. म्हणून मी प्रारंभी म्हणालो की, हा विषय दिसतो तितका लहान नाही.

केवळ निदान करून थांबणे शिक्षकाला शोभत नाही. चार सूचना करतो. त्या मोठ्या नाहीत आणि त्यांपैकी एकीसाठीही मुंबईला शिष्टमंडळ नेण्याची आवश्यकता नाही.

पहिली सूचना मागणीची. शाळा, वाचनालय आणि तरुण मंडळे यांनी मिळून आषाढातच, म्हणजे बेंदराच्या सुमारास, जवळच्या कुंभाराकडे मावळ्यांची एकत्रित मागणी नोंदवावी आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. तोडणीच्या मुकादमाला आपण महिनोन्‌महिने आधी उचल देतो. त्याच्या तुलनेत ही रक्कम नगण्य आहे. कुंभाराच्या प्रतीक्षेचा खर्च समाजाने उचलला की प्लॅस्टरची अर्धी आघाडी तेथेच संपते. उरलेला फरक किमतीत दिसेल, तो आपण समजून द्यावा.

दुसरी सूचना मापाची. उभ्या मावळ्याची उंची चार बोटे, घोडेस्वाराची सहा, असे एक गावचे माप ठरवून टाकावे आणि त्याचे साचे शाळेने स्वतःच्या खर्चाने करवून घेऊन स्वतःच्या मालकीने ठेवावेत. साचे गावाचे, माती आणि कसब कुंभाराचे. म्हणजे आजचा मावळा दहा वर्षांनीही जुन्याशी जुळेल, आणि एक कुंभार थकला तरी दुसऱ्याला तेच साचे देता येतील. संचात शेतकरी, मोटकरी, धनगर, कुंभार, लोहार आणि दळणारी बाई असलीच पाहिजे, अशी अट घालावी. जुन्या डब्यांतील चित्रे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती नमुन्यासाठी चार दिवस उसनी द्यावीत. संग्राहकाच्या संग्रहाचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.

तिसरी सूचना नोंदणीची. शाळेतील एका शिक्षकाने आणि ग्रामपंचायतीच्या एका सेवकाने एक दिवस काढून परिसरातील कुंभारांचे हस्तकला कारागीर म्हणून नोंदणीचे अर्ज भरून द्यावेत. कायद्याने दिलेली सूट कागदावर राहू नये.

चौथी सूचना किल्ल्याची. आपल्या बारामती तालुक्यात डोंगरी किल्ला नाही. शहाजीराजांच्या जहागिरीतील सुपे आपल्याच तालुक्यात असले तरी किल्ला पाहावयाचा तर पुरंदरकडे जावे लागते. म्हणून दर दिवाळीत गावाच्या मोकळ्या जागेत एक नाव ठरवून किल्ला बांधावा. एका वर्षी राजगड, एका वर्षी सिंधुदुर्ग, एका वर्षी पुरंदर. पुरंदर बांधताना १६६५ च्या तहात तेवीस किल्ले का द्यावे लागले आणि उरलेले बारा कोणते, हेही मुलांना सांगावे. इतिहासात माघारही असते आणि ती लपवावयाची नसते. हा किल्ला बांधण्यास विकतची कोणतीही इमारत आणावयाची नाही, एवढा एकच नियम ठेवावा. आणि त्याची पहिली पाटी माती टाकण्यास कोप्यांवरील मुलांना बोलावणे पाठवावे. दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांनी स्वतः कोप्यांवर जाऊन ते द्यावे. त्या निमित्ताने त्या मुलांची नावे, वये आणि ती कोणत्या इयत्तेतून शाळा सोडून आली आहेत हे कळेल, आणि सुट्टी संपल्यावर त्यांना येथल्या वर्गात बसवण्याचे काम सोपे होईल.

मातीचा किल्ला टिकवणे हे माझे उद्दिष्ट नाही. तो तर दरवर्षी मोडावयाचाच असतो. तो बांधताना कोण कोण एकत्र येते, कोणाला मजुरी मिळते आणि कोणाला प्रवेश मिळतो, हे जपावयाचे आहे. पुढील बेंदराच्या आधी शाळेत यासाठी एक बैठक बोलवावी, अशी अध्यक्षांना विनंती करून मी माझे भाषण संपवतो.